गाड्यांची भिंत

कार्रुस हा शब्द मला सापडला तेव्हा माझ्या पदरावर वन्संचं रक्त सुकून कडक झालं होतं.

लॅटिन भाषेतला शब्द आहे, जुन्या रोमन लोकांच्या. अर्थ अगदी साधा, गाडी. घर हलवताना सगळं नाही का आपण टेम्पोत भरतो, तशी सामान वाहायची दणकट गाडी. तिला चाकं दोन होती की चार, यावर शिकलेल्या लोकांचं अजून भांडण चालू आहे म्हणे. चालू दे. आमच्या गाडीला चार होती, आणि त्यातली दोन आमच्याच ह्यांनी फोडली. तेच सांगायला बसले आहे. मध्ये मध्ये वाकडी वाट करीन, पण येईन परत.

मी घाटकोपरला भाजी विकते. पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची गल्ली आहे, तिच्या तोंडाशी. शाळा माझी सातवीपर्यंत. इंग्रजी मी आपली आपण शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून आणि आता मोबाइलवरून. त्यातून एक खूळ लागलं. कुठलाही शब्द ऐकला की हा आला कुठून, हे मला बघावंच लागतं. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होते. एक बाई शेवटी म्हणाली, "मावशी, पोर्तुगीज राहू द्या, सडका तेवढा काढा."

आमच्याच गाडीच्या दुसऱ्या अर्ध्यावर वन्संचा माल. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा आमच्याकडे आल्या त्या आल्याच. नारळ, कोकम, दिवसाला एखादा फणस. कोयतीने फणस असा फोडायच्या, की बघणारा दोन पावलं मागे व्हायचा. जन्म सगळा मुंबईत गेला, पण बोलणं मालवणीच. तोंड फाटकं. मला घरची सून म्हणून उभ्या उभ्या सोलायच्या, आणि मला ताप आला की रात्रभर पायाशी बसून राहायच्या.

आमची गाडी सासऱ्यांनी केलेली. गिरणी बंद पडली तेव्हा गिरणीतला माणूस काय करणार? कुणी वॉचमन झाला, कुणी गावी गेला. सासऱ्यांनी करवत हातात धरली आणि हातगाड्या करायला लागले. बाकीचे सायकलची चाकं लावायचे, स्वस्तात काम. सासऱ्यांनी मात्र गावच्या बैलगाडीसारखी लाकडी चाकं केली, मोठी, जाड आऱ्यांची, आणि वरून लोखंडी धाव चढवली. ती धाव लोहाराकडे लालभडक तापवून चाकावर घालतात आणि पाणी ओततात. चर्रर्र करून ती लाकूड आवळते, ते चाक मग सहसा सुटत नाही. सासरे म्हणायचे, मी मरेन, पण हे चाक मरायचं नाही. दसऱ्याला आम्ही त्या गाडीला कुंकू लावायचो, झेंडू बांधायचो, आणि वन्सं तिच्यापुढे नारळ फोडायच्या. बापाच्या माघारी ती गाडी म्हणजेच त्यांचा बाप होता. चाकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायच्या.

आता गल्लीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. धंदा आटोपला की आम्ही सगळे गाड्या एका रांगेत, चाकाला चाक लावून उभ्या करतो. मग एक लांब लोखंडी साखळी सगळ्या चाकांतून ओवून शेवटी एकच कुलूप. एकेकटी गाडी चोर ढकलत नेतो, अख्खी रांग कोण नेणार? किल्ली वन्संच्या कनवटीला. त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि त्यांच्या कनवटीला हात घालायची कुणाची टाप नव्हती.

गल्लीच्या तोंडाला लागूनच एक पत्रे ठोकलेला प्लॉट आहे. तो एका बिल्डरने घेतला. प्लॉटचं फाटक त्याला आमच्याच बाजूला हवं होतं, म्हणजे आमच्या गाड्या तिथून जायला हव्या होत्या. आमचं म्हणणं, आम्ही बापजाद्यांपासून इथे. प्रकरण कोर्टात गेलं, तारखा पडत होत्या. मग एका सकाळी कळलं, की आज तारीख-बिरीख काही नाही, आज माणसं येणार.

काय करायचं, म्हणून सगळे जमले. कुणी म्हणालं, गाड्या आत डोंगराकडे न्या. आत गल्ली बंद आहे, शेवटी दगडी भिंत आणि वर झोपड्या.

वन्सं म्हणाल्या, "आत कशाक? आत नेलात म्हणजे जागा सोडलात. गाडये आडवे लावा तोंडार. साखळी घाला. आणि बायकांनी वर चढा. बाईमाणसाच्या अंगार कोण हात टाकता, बघूया."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्या लोकांना ते पटणारच. गणपतीच्या मिरवणुकीत, मोर्चात, पाण्याच्या भांडणात, बायका पुढे झाल्या की समोरचा थांबतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. गाड्या आडव्या लागल्या, गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बंद. साखळी ओवली. आमची गाडी मध्ये, कारण सगळ्यांत जड तीच. कुलूप पडलं शेवटच्या चाकाला, बाहेरच्या अंगाला. रोज तसंच पडतं ना, रस्त्याकडून. हात आपला सवयीने चालतो. वन्संनी किल्ली कनवटीला खोचली आणि आम्ही दोघी आमच्या गाडीवर चढलो, भाजीच्या पाट्या बाजूला सारून.

ते आले ते काळ्या टी-शर्टांत. बाउन्सर म्हणतात त्यांना. दंड फुगलेले, हातात लोखंडी सळया आणि बांबू. त्यातल्या एकाला मी ओळखत होते. रोज माझ्याकडून कोथिंबीर फुकट नेणारा. माझी नजर चुकवत होता मेला.

पुढचा म्हणाला, "ए म्हातारे, उतर खाली. उगाच लागेल."

वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आवशीक सांग उतराक. ती पण खयच्यातरी गाडयेरच बसान तुका वाढवल्यान आसतली."

आमच्यातले सगळे खो खो हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण तेवढंच शेवटचं. त्याने बांबू उचलला आणि वन्संच्या नडगीवर हाणला. सरळ. म्हातारी बाई, विधवा, सत्तरीची, काहीएक बघितलं नाही. फांदी मोडल्यासारखा आवाज आला. वन्सं गुडघ्यावर आल्या, पण पडल्या नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी हाताला लागला तो नारळ त्याच्या तोंडावर मारला. त्याचं नाक फुटलं.

मग कसली बाईमाणसं आणि कसलं काय. सळया चालायला लागल्या. टोमॅटो, वांगी, काचा, रक्त, सगळं एक झालं. एकाने माझे केस धरून मला ओढली. मी त्याच्या मनगटाला चावले. चावले म्हणजे कशी, दात हाडाला लागेपर्यंत. आयुष्यात मांस खाल्लंय, मासे खाल्लेत, पण जिवंत माणसाचं रक्त तोंडात आलं ते तेव्हाच. खारट आणि गरम. मला त्याची किळस आली नाही, हे मला आज भीतीदायक वाटतं. तेव्हा वाटलं, अजून जोरात चावावं.

आम्ही पुढून लढत होतो, आणि त्यांनी प्लॉटचे पत्रे उचकटले. तिथून दुसरी टोळी गल्लीत शिरली, आमच्या पाठीमागे. आत आमची माणसं होती, पोरं होती, तमाशा बघायला दारात आलेल्या लेकुरवाळ्या होत्या. मागून मार पडायला लागल्यावर सगळे पळाले. पळून जाणार कुठे? मागे डोंगर, म्हणून पुढे. आणि पुढे आमच्याच गाड्या.

अख्खी गल्ली येऊन गाड्यांवर आदळली. मी खाली फेकली गेले, भिंतीच्या कडेला पडले म्हणून वाचले. वन्सं आतल्या बाजूला पडल्या. त्यांचा मोडलेला पाय आमची गाडी आणि शेजारची गाडी यांच्या मध्ये गेला, दोन चाकांच्या फटीत. गर्दीचा रेटा आला की साखळी ताणायची आणि दोन्ही चाकं पायावर आवळायची. रेटा ओसरला की सैल व्हायची. पुन्हा रेटा, पुन्हा आवळ. लोखंडी धाव ती. हाडामासात रुतत होती.

"माझो पाय! गो, माझो पाय!" वन्सं ओरडत होत्या. त्यांच्या अंगावर एक बाई पडली, तिच्यावर एक म्हातारा. माणसांचा ढीग वाढत होता, आणि तळाला वन्सं. पाय जाऊ दे, त्यांचा श्वास जात होता. ओठ निळे पडलेले मी बघितले.

"किल्ली!" मी ओरडले. किल्ली त्यांनी कनवटीतून काढून माझ्या हातात दिलीसुद्धा. रक्ताने बुळबुळीत. किल्ली होती आमच्याकडे, आणि कुलूप होतं त्यांच्या बाजूला, जिथे सळया चालत होत्या. एक जण चढून पलीकडे हात घालायला गेला, तर त्याच्या बोटांवर सळई बसली.

तेवढ्यात हे आले. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला. त्यांनी बहिणीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. आमच्याकडे आता काट्याचं मशीन आहे, पण जुनी लोखंडी वजनं आम्ही टाकली नव्हती, ताडपत्री उडू नये म्हणून ठेवायचो. त्यातलं पाच किलोचं ह्यांनी उचललं. आणि उभे राहिले. वजन डोक्यावर धरलेलं, आणि हात खालीच येईना.

मी म्हटलं, "अहो, मारा ना! बघताय काय?"

"बाबांची गाडी गं," ते म्हणाले. लहान पोरासारखं.

तळातून वन्संचा आवाज आला. ओरडणं संपलं होतं, घोगरा झाला होता. "बाबा मेलो कधीच. तोड मेल्या. मी जिती आसय अजून."

मग ह्यांनी मारलं. पहिल्या घावाला काहीच झालं नाही, सासऱ्यांचं काम ते. दुसऱ्याला एक आरा तडकला. मग हे वेडे झाले. शिव्या देत, रडत, आरे फोडत सुटले, जणू चाकानेच बहिणीला मारलं होतं. एकेक आरा मोडताना बंदुकीसारखा आवाज. पुढचं चाक बसलं, धाव निखळून गडगडत गेली, साखळी सैल पडली. मग त्याच बाजूचं मागचं फोडलं. गाडी कलंडली, भिंतीला भगदाड पडलं, आणि त्या भगदाडातून अख्खी गल्ली बाहेर पळाली. सासऱ्यांच्या फळ्यांवर पाय देऊन, आमच्या भाजीवरून, कुणी आमच्या अंगावरून. बाहेरचे बाउन्सर एवढा लोंढा अंगावर आलेला बघून हटले. पोलीस आले तोवर रस्त्यावर चपला आणि रक्त उरलं होतं. मेलं कुणी नाही. त्या भगदाडामुळे नाही मेलं, हे मी आजही सांगते.

वन्संना आम्ही त्याच गाडीच्या एका फळीवर झोपवून नेलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "गुडघ्याखालचा पाय वाचवता येणार नाही. सही कोण करणार?" हे भिंतीला टेकून खाली बसले. सही मी केली.

मी बाकावर बसले होते. एक हवालदार जबाब घ्यायला आला, बिचारा हळू आवाजात विचारत होता. मारहाण कशाने झाली? बांबू, सळया. आणि पाय कशाने गेला? मी म्हटलं, गाडीने. तो म्हणाला, कार का? म्हटलं, नाही हो, हातगाडी. मग त्याने चार्जशीटचं काहीतरी समजावलं आणि गेला.

कार. चार्ज. आत बाईचा पाय कापतायत, आणि बाहेर माझं डोकं त्या दोन शब्दांपाशी अडकलं. रडू येत नव्हतं, देवाचं नाव आठवत नव्हतं. मोबाइल काढला आणि बघितलं. दोन्ही शब्द एका आईचे निघाले. कार्रुस. त्याच्यापासून कार. त्याच्यापासून कॅरी बॅगमधलं कॅरी. गाडी पळायची वाट, ती घोड्यांच्या शर्यतीची वाट झाली, आणि तिचं झालं करिअर. गाडीत ओझं भरणं, ते झालं चार्ज. आपण मोबाइल चार्ज करतो, लाठीचार्ज म्हणतो, चार्जशीट म्हणतो, सगळीकडे कुणावर तरी ओझं टाकणं चालू आहे. आणि सगळ्यांच्या मुळाशी आणखी जुना शब्द, त्याचा अर्थ धावणं. चाकावरच्या लोखंडी पट्टीला आपण धाव म्हणतो, ते मनात आलं आणि मी मोबाइल बंद केला. ती धाव मला आत्ताच दिसली होती, कशात रुतलेली ते.

कुठल्याही शब्दाची सुरुवात घरगुती असेल असं मला आपलं वाटायचं, पाटा-वरवंट्यासारखी. तसं नसतं. कार्रुस हा रोमन लोकांचा स्वतःचा शब्दच नव्हता. आज जिथे फ्रान्स आहे तिथे गॉल म्हणून लोक राहायचे, त्यांच्या गाडीचं हे नाव. रोमन सैन्य त्यांच्यावर चालून गेलं, कापाकापी केली, मुलूख घेतला, माणसं गुलाम केली आणि शब्दही घेतला. हरलेल्यांचा शब्द जिंकलेल्यांच्या तोंडात राहिला, तोच फिरत फिरत आमच्या घाटकोपरच्या सिग्नलपर्यंत आला.

पुढे वन्सं वॉर्डात होत्या तेव्हा मी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून आणखी वाचायची. त्या गॉलांच्या मुलखातले लोक घरदार गाडीत घालून निघायचे, आणि गाठ पडली की गाड्यांची भिंत करून लढायचे. वरून भाले फेकायचे, खालून चाकांमधून भोसकायचे. एका लढाईत बायका गाड्यांवर उभ्या राहून हात पसरून रडत होत्या, आम्हाला रोमनांच्या हाती देऊ नका म्हणून. आणि एक गोष्ट तर मी दोनदा वाचली. समुद्रापलीकडच्या बेटावर एका राणीचं सैन्य रोमनांशी लढायला उभं राहिलं. जिंकणार याची एवढी खात्री, की बायकांना बघायला घेऊन आले, आणि त्यांच्या गाड्या मैदानाच्या कडेला रांगेने लावल्या. मग उलटं झालं. सैन्य पळायला लागलं, आणि मागे आपल्याच गाड्या. वाट बंद. रोमनांनी मग बायकांनाही सोडलं नाही, गाडीच्या जनावरांनाही नाही.

हे वन्संना सांगावं की नाही, मला कळेना. जखम ओली होती. नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणून त्या रात्र रात्र तळमळायच्या, मला शिव्या घालायच्या, ह्यांच्याशी तर बोलतच नव्हत्या. हे रोज यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि जायचे. त्यांना वाटायचं, मी वजन डोक्यावर धरून उभा राहिलो, तेवढ्यात पाय गेला. वन्संना काय वाटायचं, त्या सांगत नव्हत्या.

शेवटी मी सांगितलं. हेही तिथेच उभे होते. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, डोळे छताकडे.

मग म्हणाल्या, "त्येंनी पण कुलूप भायल्या बाजूकच लावल्यानी काय गो?"

मला हसू फुटलं. वन्संना फुटलं. हसता हसता त्यांना टाके दुखले, त्या "आई गो" करून ओरडल्या, नर्स धावत आली. हे मात्र हसले नाहीत, पदर नाही म्हणून बाहीने डोळे पुसत होते.

वन्संनी त्यांना बोलावलं. "हय ये. तू उभो रवलंस म्हणान माझो पाय जावक नाय. तो पयल्या बांबूतच गेल्लो. साखळी घालूक कोणी सांगितल्यान? मी." आणि पुढे म्हणाल्या, "चाक काय मस्त केल्लां बाबांनी. मेला मोडताच नाय होता."

त्या दिवसापासून दोघं बोलायला लागली.

कोर्टात तारखा अजून पडतायत. काळे टी-शर्ट परत आले नाहीत, येतीलही. आम्ही तिथेच बसतो. नवीन गाडी लोखंडी नळ्यांची, तिला रबरी चाकं. सासऱ्यांची दोन चाकं उरली ती ह्यांनी घरात ठेवली आहेत. दसऱ्याला झेंडू त्यांनाच. वन्सं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, नकली पाय काढून शेजारी टेकवून ठेवतात, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो पाय दाखवून म्हणतात, ह्यो घे, ह्यो स्वस्तात देतंय.

संध्याकाळी रांग लागते, चाकाला चाक. साखळी ओवत ओवत माणसं आमच्यापर्यंत येतात. तेव्हा वन्सं काठी आडवी धरतात.

"ह्या गाडयेक नाय."

आमची गाडी मोकळीच राहते, गल्लीच्या तोंडाशी, रांगेच्या मधोमध. एका हाताने ढकलली की बाजूला होते. परवा एका नव्या भाजीवाल्याने विचारलं, "काकी, चोरीला गेली म्हणजे?"

"जावंदे," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्चीचे हात धरून पाय चढवायला लागल्या. पट्टा मी बांधते रोज. खाली बसून, घट्ट, पण फार घट्ट नाही.